रविवारची सायकल आणि लग्नसराईचा कॅमेरा

वैशाखातील पहाट ही वऱ्हाडात दिवसातील एकमेव सुसह्य वेळ. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडहून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची रांग निळसर दिसू लागते. रस्त्यावर अजून वर्दळ नसते. वारी भैरवगडच्या हनुमानाच्या दर्शनाला निघालेले दोन-चार भाविक, शेताकडे जाणारी एखादी बैलगाडी आणि अलीकडच्या काळात रविवारी हमखास दिसणारे काही सायकलस्वार, एवढीच काय ती जाग. वान नदीच्या बाजूला जावे, झाडाखाली थोडे थांबावे, घरून आणलेले पाणी प्यावे आणि ऊन तापण्यापूर्वी घरी परतावे, असा हा साधा क्रम. पुढचा डोंगर मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा असल्याने तेथे परवानगीशिवाय जाता येत नाही; परंतु पायथ्याचे रस्तेही मनाला पुष्कळ काही देऊन जातात.

अशा सायकलस्वारांत पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी अडकवलेला एखादा तरुण असतोच. सोमवार ते शनिवार नोकरी, रविवारी सायकल आणि छायाचित्रे. एखाद्या चुलत बहिणीच्या लग्नात तो हौसेने चित्रे टिपतो, ती सर्वांना आवडतात आणि पुढच्या लग्नाच्या वेळी मामा सहज म्हणून जातात, “बाहेरच्याला कशाला पैसे द्यायचे? तूच काढ ना बाप्पा फोटो!” या एका वाक्यातून अनेक जोडधंदे जन्माला येतात. ते जन्माला यावेतच. प्रश्न एवढाच, की दोन-तीन लग्नसराया उलटल्यावर त्या तरुणाच्या हाती काय उरते? पुष्कळदा मिळकत झाल्याचा भास उरतो, कर्जाचे हप्ते उरतात आणि रविवारची सायकल मात्र भिंतीला टेकून धूळ खात पडते. छंदाचा व्यवसाय करताना छंदच गमावण्याची ही वेळ टाळता येते. मात्र त्यासाठी आरंभापासून दोन वह्या लिहाव्या लागतात. एक पैशाची आणि दुसरी वेळेची.

नोकरी सांभाळून जोडधंदा करण्याची वाट मराठी माणसाला नवी नाही, आणि योगायोग असा की या वाटेवरचे सर्वांत ठळक उदाहरण सायकलचेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते. रंग ओळखण्यातील दोषामुळे त्यांना रंगचित्रकला सोडावी लागली. पुढे ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकवू लागले. नोकरी चालू असतानाच त्यांचे लक्ष सायकल या नव्या वाहनाकडे गेले. मुंबईत सायकली खरेदी करून त्या बेळगावला पाठवायच्या आणि तेथे थोरले बंधू रामुअण्णा यांनी त्या विकायच्या, अशी वाटणी ठरली. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालचा मानला जातो, तो बेळगावच्या या सायकलच्या दुकानापासून.

या उदाहरणातील तीन गोष्टी जोडधंदा करणाऱ्याने नीट पाहाव्यात. पहिली, लक्ष्मणरावांनी आरंभीच नोकरी सोडली नाही. पगाराचा आधार असल्याने धंद्याला रुजायला अवकाश मिळाला. दुसरी, जी कामे नोकरीच्या वेळेत करणे अशक्य होते ती भावाने उचलली. म्हणजे त्यांचा जोडधंदा एकट्याच्या शिल्लक वेळावर उभा नव्हता. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नोकरीत आपल्याला डावलून दुसऱ्याला बढती मिळाल्यावर त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा परतून जाण्यासाठी बेळगावचे दुकान उभे होते. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. प्रत्येक जोडधंद्याची किर्लोस्करवाडी होत नसते आणि व्हावी असेही नाही. तथापि आरंभ लहान असावा आणि त्यामागे कुटुंबाची स्पष्ट वाटणी असावी, हा धडा आजही तितकाच खरा आहे.

आता छायाचित्रणाच्या पैशाच्या वहीकडे वळावे. पुढील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या गावचे दर घालावेत. समजा, दोन कॅमेरे, भिंगे, फ्लॅश, जादा बॅटऱ्या, मेमरी कार्डे, संगणक आणि हार्ड डिस्क मिळून ३ लाख रुपये लागले. त्यापैकी निम्मे घरचे आणि निम्मे कर्जाचे. पहिल्या वर्षी १० लग्ने मिळाली आणि प्रत्येकाचे २५ हजार रुपये ठरले. वर्षाची जमा २ लाख ५० हजार. प्रत्येक लग्नामागे मदतनीस, अल्बमची छपाई, प्रवास आणि किरकोळ असा ११ हजार रुपये थेट खर्च. तो १० लग्नांचा १ लाख १० हजार. उरले १ लाख ४० हजार.

बहुतेक हिशेब येथेच थांबतात. लग्नाचे दोन दिवस मिळून २० तास काम, १० लग्नांचे २०० तास. म्हणजे तासाला ७०० रुपये सुटले, असे तरुणाला वाटते. पगारापेक्षा हे उत्पन्न बरे, असे घरातही बोलले जाते. परंतु ही वही अर्धीच लिहिलेली असते.

कॅमेरा झिजतो. शटरला आयुष्य असते, बॅटरी निकामी होते, संगणक मंदावतो आणि चार-पाच वर्षांत ग्राहक नव्या प्रकारचे काम मागू लागतो. ३ लाखांचे साहित्य पाच वर्षे चालेल असे मानले तर दरवर्षी ६० हजार रुपये घसारा बाजूला काढलाच पाहिजे. दुरुस्ती, विमा, चित्रे साठवण्याची सोय आणि संगणकावरील प्रणाली यांचे वर्षाला १५ हजार धरावेत. कर्जाच्या व्याजाचे पहिल्या वर्षी सुमारे १५ हजार. असा ९० हजारांचा स्थिर खर्च वजा केला की १ लाख ४० हजारांतून ५० हजार उरतात.

तासांचीही तीच गत. चित्रे टिपण्याचे २० तास सर्वांना दिसतात. परंतु हजारो चित्रांतून निवड करणे, रंग व प्रकाश दुरुस्त करणे, अल्बमची मांडणी करणे, वधूपक्षाची आणि वरपक्षाची पसंती घेणे यांसाठी त्याहून अधिक वेळ जातो. एका लग्नामागे एकूण ५० तास धरले तर १० लग्नांचे ५०० तास होतात. ५० हजार भागिले ५०० म्हणजे तासाला १०० रुपये. ७०० रुपयांचा भास आणि १०० रुपयांचे वास्तव यांतील अंतर त्या तरुणाने आपल्या झोपेतून आणि रविवारच्या पहाटेतून भरलेले असते.

याच वहीतून पुढची दिशाही सापडते. एका लग्नामागे थेट खर्च जाता १४ हजार उरतात. ९० हजारांचा स्थिर खर्च भरून निघायला सात लग्ने लागतात. सातव्या लग्नाच्या मध्यावर कोठे नफ्याची पहिली रेघ उमटते. येथून पुढे दोन मार्ग आहेत. पहिला, लग्नांची संख्या वाढवण्याचा. १० ऐवजी १५ लग्ने घेतली तर नफा १ लाख २० हजार होतो आणि तास ७५० होतात. तासाला १६० रुपये पडतात. दुसरा मार्ग, लग्ने १० च ठेवून दर ५ हजारांनी वाढवण्याचा. नफा १ लाख रुपये होतो, तास ५०० च राहतात आणि तासाला २०० रुपये मिळतात. पहिल्या मार्गात २० हजार रुपये अधिक मिळतात खरे. पण त्यासाठी जादा २५० तास मोजावे लागतात. ज्याला नोकरीही आहे आणि सायकलही हवी आहे, त्याने संख्येपेक्षा दर्जा आणि दर यांकडे लक्ष देणे श्रेयस्कर.

अर्थात, दर केवळ सांगून वाढत नाही. त्यामागे विश्वास लागतो. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गुजरातमधील गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय केला होता. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, या तत्कालीन समजुतीमुळे ग्राहक बिचकत, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. आजच्या ग्राहकाची भीती निराळी आहे. मंगलाष्टकांच्या वेळी कॅमेरा बंद पडला तर काय? कार्डातील चित्रे पुसली गेली तर? अल्बम वर्षभर मिळालाच नाही तर? ही भीती निराधार नाही. विवाह एकदाच होतो. सप्तपदी पुन्हा घालता येत नाही आणि पाठवणीच्या वेळचे आईचे डोळे पुन्हा टिपता येत नाहीत.

म्हणून दुसरा कॅमेरा ही चैन नव्हे, ती जबाबदारी आहे. एकाच वेळी दोन कार्डांवर चित्रे उमटवणारा कॅमेरा घ्यावा. घरी परतल्यावर झोपण्यापूर्वी चित्रांच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर काढाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरात ठेवावी. ग्राहकाने अल्बम स्वीकारेपर्यंत मूळ कार्डे पुसू नयेत. दोन कॅमेऱ्यांचे भांडवल लगेच जमत नसेल, तर पहिली लग्नसराई अनुभवी छायाचित्रकाराकडे सहायक म्हणून काढावी. त्यात भांडवल लागत नाही, चुका झाकल्या जातात आणि विवाहातील विधींचा क्रम अंगवळणी पडतो. अक्षता पडण्याच्या क्षणी कोठे उभे राहायचे, पूजेच्या वेळी फ्लॅश केव्हा टाळायचा, पंगतीत कोणाला कॅमेरा नको असतो, हे पुस्तकातून कळत नाही. जैन कुटुंबातील विवाहात भोजन सूर्यास्तापूर्वी होते. मावळतीचा जो मऊ प्रकाश छायाचित्रकाराला हवा असतो, तीच नेमकी पंगतीची वेळ. ज्याला हे आधीच ठाऊक असते तो वधूवरांची चित्रे तासभर आधी उरकतो. ज्याला ठाऊक नसते तो पाहुण्यांना उपाशी ताटकळत ठेवतो. विवाहापूर्वीच्या चित्रीकरणाबाबतही काही समाजसंस्थांनी विरोधाचे ठराव केले आहेत. दोन्ही घरांची इच्छा काय आहे, हे विचारल्यावाचून तसा प्रस्ताव मांडू नये.

व्यवहार लेखी असावा. किती दिवस काम, किती तास, किती चित्रे, अल्बमची किती पाने, केव्हा देणार आणि पैसे कोणत्या टप्प्यांत, एवढे एका पानावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. वऱ्हाडात लग्नाचा खर्च पुष्कळदा कपाशीच्या आणि सोयाबीनच्या पैशावर अवलंबून असतो. भाव पडला की शेवटचा हप्ता लांबतो. म्हणून तारीख ठरताना काही रक्कम, लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत मोठा भाग आणि अल्बम देताना उरलेली, अशी विभागणी दोघांच्याही सोयीची. चित्रांच्या हक्काबाबत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. चित्र टिपले त्याचेच ते, असे छायाचित्रकारांना वाटते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. आपल्या कामाचा नमुना म्हणून ही चित्रे इतरांना दाखवायची असतील, तर तशी संमती त्याच पानावर घ्यावी. ड्रोनचे चित्रीकरण करायचे असल्यास २०२१ चे ड्रोन नियम पाहावेत. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायला प्रशिक्षित चालकाचे प्रमाणपत्र लागते.

नातेवाइकांचे काय करावे, हा लहान गावातील सर्वांत नाजूक प्रश्न. मामांना बिल कसे द्यायचे? संकोचाने अर्धे पैसे सांगितले जातात, तेही मागितले जात नाहीत, आणि मग मनात अढी राहते. यावर एक सरळ उपाय आहे. वर्षातून एक किंवा दोन जवळच्या घरची कामे आहेर म्हणून करावीत, तसे आरंभीच आनंदाने सांगावे आणि वहीत त्यांची पूर्ण किंमत लिहून ती आहेराच्या खात्यावर खर्ची टाकावी. ज्याला आहेर द्यायचा नाही त्याला ठरलेला दर नम्रपणे सांगावा. सवलत आणि आहेर यांची गल्लत झाली की नातेही बिघडते आणि धंदाही.

कर्जाविषयी दोन शब्द. प्रधानमंत्री मुद्रा योजना एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यातील शिशू गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते. त्यासाठी तारण द्यावे लागत नाही. तारण नाही याचा अर्थ परतफेड नाही असा अनेकांनी करून घेतला आणि स्वतःची पत बिघडवून घेतली. मुद्रा हे कर्ज आहे, अनुदान नव्हे. बँकेत जाण्यापूर्वी वर दिला तसा हिशेब आपल्या हाताने मांडावा. त्यात चातुर्मास धरायला विसरू नये. आषाढ ते कार्तिक काढीव मुहूर्त सोडले तर लग्ने नसतात. जमा थांबते, पण हप्ता थांबत नाही. म्हणून लग्नसराईत आलेल्या प्रत्येक रकमेतून चातुर्मासातील हप्त्यांची तरतूद वेगळ्या बचत खात्यात ठेवावी. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य होते. ती करून घ्यावी. सेवा व्यवसायाला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. पगारासोबत व्यवसायाचे उत्पन्न असल्यास केवळ पगारदारांसाठी असलेले साधे विवरणपत्र चालत नाही, हेही ध्यानात असावे. सरकारी नोकरीत असणाऱ्याने तर पूर्वपरवानगीशिवाय असा व्यवसाय आरंभूच नये. खाजगी नोकरीतही मालकाला विश्वासात घेणे हिताचे.

आता दुसरी वही, वेळेची. मुहूर्त रविवार पाहून येत नाहीत. मंगळवारी लग्न असले तर रजा लागते. १० लग्नांचे २० दिवस धरले, त्यांतले निम्मे कामाच्या वारी आले तरी वर्षाच्या रजेचा मोठा हिस्सा तेथेच संपतो. मग आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला किंवा मुलाच्या शाळेच्या कार्यक्रमाला रजा उरत नाही. रजा हेही भांडवलच आहे. ते कोठे गुंतवले, याची नोंद हवी. उरलेली लग्ने रविवारी येतात आणि लग्न नसलेला रविवार चित्रांच्या निवडीत जातो. रविवारची पहाट अशी कोणी हिसकावून घेत नाही, ती हळूहळू नाहीशी होते. एका रविवारी अल्बम द्यायचा असतो, दुसऱ्या रविवारी वधूपक्ष भेटायला येतो, तिसऱ्या रविवारी झोप आवरत नाही.

यासाठी वर्षाच्या आरंभीच दिनदर्शिकेवर सायकलचे रविवार आखून ठेवावेत. महिन्याला दोन, मग लग्नसराई असो वा नसो. त्या तारखेला काम आले तर ‘तारीख गेलेली आहे’ असे सांगावे. ते खोटे नसते. जसा घसारा नफ्याआधी वजा होतो, तशा या पहाटा कामाच्या तारखांआधी वजा झाल्या पाहिजेत. नफा उरला तर घसारा काढू, असे म्हणणाऱ्याचा कॅमेरा पाचव्या वर्षी बंद पडतो. वेळ उरला तर सायकल काढू, असे म्हणणाऱ्याचे आरोग्य आणि हौस त्याच मार्गाने जातात. शिवाय सायकलचा या व्यवसायाला उपयोगही आहे. लग्नात दहा-बारा तास पायांवर उभे राहणाऱ्याला दमसास लागतो. नदीकाठचा कोणता रस्ता सकाळी कोणत्या बाजूने उजळतो, कोणत्या आमराईत सावली दाट असते, हे सायकलवरून जितके कळते तितके मोटारीतून कळत नाही. तथापि केवळ उपयोगासाठी सायकल चालवू नये. काही रविवारी कॅमेरा घरी ठेवूनच निघावे.

चातुर्मास या दृष्टीने वरदान आहे. लग्ने नाहीत, सातपुडा हिरवागार आहे, हवा थंड आहे. याच काळात साहित्याची दुरुस्ती करावी, राहिलेले अल्बम द्यावेत, नवे शिकावे आणि सायकल मनसोक्त चालवावी. तुळशीच्या लग्नाआधी एके संध्याकाळी घरच्यांसह दोन्ही वह्या उघडून बसावे. पैशाच्या वहीला विचारावे की घसारा आणि व्याज जाऊन तासाला काय पडले. वेळेच्या वहीला विचारावे की आखलेल्या २४ रविवारांपैकी किती प्रत्यक्षात मिळाले आणि किती रजा घरासाठी उरल्या. पत्नीने आणि आईवडिलांनीही त्या संध्याकाळी मोकळेपणाने बोलावे, कारण त्यांच्या वाट्याचे तासही या धंद्यात गुंतलेले असतात. दोन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर पुढच्या वर्षीचा दर ठरवावा. एक वही सतत तोट्यात जात असेल तर लग्ने कमी करावीत, आणि दोन्ही तोट्यात असतील तर साहित्याला चांगला भाव येत आहे तोवर व्यवसाय आवरता घ्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही. एक कॅमेरा घरी ठेवावा. घरच्या मंगलकार्याला आणि रविवारच्या पहाटेला तो पुरेसा असतो.